गावात दोन सरपंच, सही कोणाची चालणार?

सत्तरीकर:
नमस्कार मंडळी. धागा मुद्दाम कायदा विभागात टाकतोय, तेव्हा आमच्या गावातल्या पक्षांची नावं कोणी काढू नयेत ही विनंती. गावाचं नावही सांगत नाही, ओळखलंत तर मनात ठेवा.

आमची गोव्यातली पंचायत सात पंचांची. जूनच्या पहिल्या आठवड्यात चार पंचांनी सरपंचावर अविश्वास आणला. गटविकास अधिकाऱ्याच्या कचेरीतून नोटीस निघाली, बैठक झाली, ठराव चार विरुद्ध शून्य असा पास झाला. सरपंच आणि त्याच्या बाजूचे दोघे फिरकलेच नाहीत. पुढे नवा सरपंचही निवडला. आता जुना म्हणतो, मला नोटीस पोचलीच नाही, बैठकच बेकायदा, म्हणजे मी अजून सरपंच. कोर्टात मात्र तो गेलेला नाही. शिक्का त्याच्याच घरी. नव्याने डिचोलीहून दुसरा करून आणला. एकाची शाई जांभळी, दुसऱ्याची निळी. गावात कोणी कागद दाखवला की लोक मजकूर वाचायच्या आधी शाई बघतात.

माझं काम एवढंसं आहे. घरदुरुस्तीचा परवाना आणि त्यावर बँकेचं कर्ज. परवाना जुलैत हातात पडला, जांभळ्या शिक्क्याचा. बँकेतला साहेब म्हणतो, हा गृहस्थ सरपंच आहे कुठे?

प्रश्न दोन. माझा कागद चालेल का? आणि खुर्चीवरच्या माणसाला ‘तू इथे कुठल्या हक्काने बसलास’ असं कोर्टाकडून विचारून घेता येतं का? भाची जीपीएससीचा, म्हणजे गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, अभ्यास करते. ती म्हणाली, मामा, याला अधिकारपृच्छा म्हणतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

म्हापशेकर:
दोन सरपंच असून गटार एकच तुंबलेलं असणार. हलके घ्या.

कूळ_मुंडकार:
भाचीला शाबासकी सांगा. अधिकारपृच्छा, म्हणजे आमच्या बोलीत क्वो वॉरंटो. घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात मागायची, आपल्यासाठी पर्वरीला. थेट सर्वोच्च न्यायालयात कलम ३२ खालीही आहे, पण पंचायतीच्या शिक्क्यासाठी दिल्ली गाठायचं कारण नाही.

यातला मूळ निवाडा म्हैसूर विद्यापीठाचा, १९६३ चा. इंग्रजीच्या रीडरची (प्राध्यापकाच्या खालचं पद) नेमणूक झाली, न निवडलेल्या उमेदवाराने आव्हान दिलं, उच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. निकालपत्र न्या. गजेंद्रगडकरांचं, जे पुढच्या वर्षी सरन्यायाधीश झाले. त्यात चौकट आखून दिली आहे. पद सार्वजनिक हवं, कायद्याने निर्माण झालेलं. माणूस त्यावर प्रत्यक्ष बसलेला हवा. आणि त्याचं बसणं कायद्याच्या तरतुदीविरुद्ध हवं. एवढं वरकरणी दिसलं की पुढचं ओझं खुर्चीवाल्यावर. आपला हक्क त्याने दाखवायचा, तुम्ही नव्हे.

दोन गोष्टी मात्र यात मागता येत नाहीत, आणि लोक नेमक्या त्याच मागायला येतात. माणूस नालायक आहे, आळशी आहे, दुसरा जास्त शिकलेला होता, हे कोर्ट ऐकत नाही. निवड करणाऱ्यांच्या मताच्या जागी न्यायाधीश आपलं मत बसवत नाहीत. दुसरं, हा आदेश खुर्ची रिकामी करतो. तिथे कोणाला बसवत नाही. तुमच्या नव्या सरपंचाला वाटत असेल की अर्ज केला की कोर्ट हार घालील, तर तसं होत नसतं. शिक्का आणि दप्तर ताब्यात द्या असा हुकूम हवा तर ती मागणी वेगळी लिहायची. ती त्याच अर्जात जोडता येते.

म्हापशेकर:
म्हणजे कोर्ट फक्त उठ म्हणणार, बस म्हणणार नाही.

कूळ_मुंडकार:
बरोबर. एका ओळीत सांगितलंत. आम्ही यासाठी फी घेतो.

शंकासूर:
पण असा अर्ज करणार कोण? बहुतेक वेळा हरलेला प्रतिस्पर्धीच. त्याचा हेतू काय तो उघड असतो. कोर्टाने राजकारण्यांच्या भांडणात का पडावं? आणि सामान्य माणसाचं काही अडलेलं नसेल तर त्याला तरी कोण उभं करणार?

कूळ_मुंडकार:
अडलेलं असायची गरजच नाही. एरवी रिट करताना ‘माझा हक्क गेला’ हे दाखवावं लागतं. इथे सार्वजनिक पद सगळ्यांचं, म्हणून कोणीही नागरिक विचारू शकतो. सरकारी नोकरीच्या वादात जनहित याचिका कोर्ट सहसा घेत नाही, तिथेही ही एक वाट उघडी ठेवली आहे. हेतूचं उत्तर तर गोव्यानेच देशाला दिलंय. १९९३ चा जल्मी निवाडा. इथे कोणी त्या वेळचे आहेत का? सांगायला मला आवडेल, पण बघितलेल्याने सांगितलं तर बरं.

आल्तिनो:
मी आहे. तेव्हा पणजीत एका दैनिकात प्रुफं तपासायचो. रोज संध्याकाळी पहिल्या पानाचा मथळा बदलायचा.

थोडक्यात सांगतो, थोडक्यात सांगण्यासारखं नसलं तरी. डिसेंबर १९९० मध्ये सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) दोन आमदारांना, बांदेकर आणि चोपडेकरांना, पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरवलं. जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईक मगोतून फुटून काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. १५ फेब्रुवारीला सभापतींनी त्यांनाही अपात्र केलं. मुख्यमंत्री उच्च न्यायालयात गेले, तात्पुरती स्थगिती मिळाली. ४ मार्चला सभागृहाने सभापतींनाच हटवलं. आणि चारेक दिवसांत प्रभारी सभापतींनी जुने आदेश पुनर्विचार करून पुसून टाकले. तिघेही पुन्हा पात्र! आमच्या कचेरीत एकजण म्हणाला, शुद्धिपत्र छापलं की झालं.

डॉ. काशिनाथ जल्मी, रमाकांत खलप मंडळी याविरुद्ध कोर्टात गेली. उच्च न्यायालयाने सांगितलं, उशिरा आलात, जा. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढचं वकीलसाहेबांनी सांगावं.

कूळ_मुंडकार:
दंडवत घ्या. शुद्धिपत्र हाच कळीचा मुद्दा होता.

मार्च १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीखाली, सभापतीला स्वतःच्या निर्णयाचा पुनर्विचार करायचा अधिकारच नाही. अधिकारच नसेल तर पुसलेलं पुसलंच गेलेलं नाही. पण या धाग्यासाठी त्याहून मोलाचं म्हणजे उशिराचं उत्तर. अधिकार नसताना कोणी सार्वजनिक पदावर बसला असेल, तर तो बसलेला प्रत्येक दिवस नवं कारण देतो. म्हणून अर्जदार उशिरा आला म्हणून त्याला हाकलायचं नाही. तो विरोधी पक्षाचा आहे, त्याचं वागणं कसं होतं, हेही तिथे गौण. प्रश्न त्याचा नाही, खुर्चीचा आहे. शंकासूर, तुमच्या प्रश्नाला तीस वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय, तेही आपल्याच विधानसभेच्या खटल्यात. देशभर कुठेही अधिकारपृच्छेत उशिराचा मुद्दा निघाला की वकील हाच निवाडा उघडतात.

आल्तिनो:
पण गोष्ट तिथे संपत नाही हो. मे १९९३ मध्ये नाईकांचं मुख्यमंत्रिपद गेलं, डॉ. विली (विल्फ्रेड डिसोझा) आले. आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रकरण तपासून सांगितलं की रवी नाईकांची अपात्रताच टिकत नाही. बांदेकर-चोपडेकरांची मात्र टिकली. राजीनामा न देताही माणूस वागण्यातून पक्ष सोडू शकतो, हे त्या निकालातलं वाक्य आजही प्रत्येक फोडाफोडीत निघतं. एप्रिल १९९४ मध्ये नाईक पुन्हा मुख्यमंत्री झाले ते जेमतेम आठवडाभरासाठी.

शंकासूर:
हे वाचून माझी शंका वाढलीच. म्हणजे कायद्याने खुर्ची काढली, आणि नंतर कायद्यानेच सांगितलं की काढायला नको होती?

कूळ_मुंडकार:
दोन वेगळे प्रश्न होते आणि दोन्हींची उत्तरं बरोबर होती. पहिला: खोडणाऱ्याला खोडायचा अधिकार होता का? नव्हता. दुसरा: मुळात लिहिलेलं बरोबर होतं का? नाईकांच्या बाबतीत नव्हतं. सोय म्हणून पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर घुसडलं असतं, तर उद्या प्रत्येक नवा सभापती जुन्याचे आदेश पुसत बसला असता. नाईकांचं नुकसान झालं, हे खरं. मला विचाराल तर दोष दोन निकालांमधल्या वेळाचा.

सांतआंद्रे_ते_सान_होजे:
इथे कॅलिफोर्नियात हीच कारवाई आहे, पण गंमत बघा. खाजगी माणसाला थेट कोर्टात जाताच येत नाही. आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे परवानगी मागायची, ती मिळाली तर त्यांच्या नावाने दावा. आमच्या गावच्या शाळा मंडळावर निवडून आलेला एक सदस्य हद्दीबाहेर राहतो अशी बोलवा होती, तेव्हा शेजाऱ्यांनी ही माहिती काढली होती. मात्र खरा हक्कदार कोण, तेही त्याच दाव्यात ठरवून घ्यायची सोय इथे आहे. उठ आणि बस, दोन्ही.

कूळ_मुंडकार:
आपल्याकडे ती परवानगी लागत नाही, हे मी आपलं भाग्य समजतो. सरकारनेच बसवलेल्या माणसाविरुद्ध सरकारी वकिलाची परवानगी काढायला निघालेला गोंयकार डोळ्यांसमोर आणा.

अंत्रूजकन्या:
अवांतर होईल, तरी विचारते. आमच्या देवस्थानात समितीची मुदत संपली, नवी निवडणूक नाही, आणि जुनेच लोक जत्रेच्या पावत्या फाडतायत. महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांपैकी, कोणी अधिकारपृच्छा मागू शकतो का? अध्यक्ष म्हणजे सार्वजनिक पदच ना? अख्खा गाव त्याच्या पाया पडतो.

कूळ_मुंडकार:
अवांतर अजिबात नाही. पाया पडण्याने पद सार्वजनिक होत नाही, कायद्याने होतं. पाटणा उच्च न्यायालयाने १९५४ मध्ये आर्य समाजाच्या एका सभेच्या कार्यकारिणीबद्दल हेच सांगितलं. खाजगी संस्थेच्या पदाला हा रिट लागत नाही.

गोव्यात पेच असा की आपली देवस्थानं नुसत्या स्वतःच्या नियमावलीवर चालणाऱ्या खाजगी संस्था नाहीत. पोर्तुगीज काळातलं १९३३ चं माझानियांचं (महाजनांच्या संस्थांचं) नियमन अजून लागू आहे आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक. म्हणजे कायद्याचा हात आहे, पण मालकी महाजनांची. असल्या पदावर अधिकारपृच्छा लागते की नाही यावर तासभर वाद घालता येईल. तुम्हाला वाद हवाय की निवडणूक? निवडणूक हवी असेल तर मामलेदाराकडे लेखी अर्ज द्या, इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या. त्याने काही केलंच नाही तर ‘त्याला काम करायला लावा’ म्हणून पर्वरीला जा. तो परमादेश. सोपा आहे आणि पद कुठल्या जातीचं ते ठरवत बसावं लागत नाही.

अंत्रूजकन्या:
धन्यवाद. अर्ज दिलेला आहे, पोच घेतलेली नाही. सोमवारी परत जाते.

पेडणेकर:
मग विचारतोच. निवडून आलेला पंचच मुळात उभं राहायला लायक नसेल तर? कोणाची जन्मनोंदणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला झालेली असते, कोणाचं नाव दुसऱ्याच वॉर्डात. अधिकारपृच्छा लावायची?

कूळ_मुंडकार:
सावकाश. निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिकाच करावी लागते. पंचायतीसाठी घटनेचं कलम २४३-ओ, पालिकेसाठी २४३-झेडजी, विधानसभेसाठी ३२९. विधानसभेला निकालापासून ४५ दिवसांची मुदत. ती चुकली म्हणून अधिकारपृच्छेच्या मागच्या दाराने येऊ म्हणाल तर कोर्ट सहसा दार बंद करतं.

सहसा म्हणतो, कारण तामिळनाडूतलं लालगुडीचं प्रकरण आहे. तिथे निवडून आलेला आमदार त्या मतदारसंघाचा मतदारच नव्हता. त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाची नोंद स्वतःची म्हणून त्याने दाखवली होती. निवडणूक याचिका झाली नव्हती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घटनेनेच मज्जाव केलेला माणूस सभागृहात बसत असेल तर उच्च न्यायालय कलम २२६ खाली हात घालू शकतं. अपात्र असताना सभागृहात बसण्याला घटनेने दिवसाला पाचशे रुपये दंड ठेवलाय, १९५० पासून तेवढाच. पण हा अपवाद आहे. लिस्बनच्या नोंदीचा मुद्दा तर याहून किचकट, कारण परदेशी नागरिकत्व घेतलं की नाही हे केंद्र सरकारने ठरवायचं असतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे चिखल होईल.

गावठी_घटनापंडित:
२०२१ चं विसरलात? पालिका निवडणुकांच्या वेळी गोव्यात विधी सचिवांनाच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा ताबा दिला होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे, केपे या पाच पालिकांचं आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं, सरकार वर गेलं, आणि १२ मार्च २०२१ ला न्या. नरिमन यांच्या पीठाने सरकारलाच झापलं. सरकारी पदावरचा माणूस निवडणूक आयुक्त असू शकत नाही, आणि हे फक्त गोव्याला नव्हे, सगळ्या राज्यांना लागू केलं.

कूळ_मुंडकार:
विसरलो नव्हतो, राखून ठेवलं होतं. ती अधिकारपृच्छा नव्हती हे लक्षात घ्या. भांडण आरक्षणाचं होतं, आयुक्ताच्या खुर्चीचा प्रश्न ओघात आला. पण मुळात विचारलं तेच: स्वतंत्र म्हणून घटनेने घडवलेल्या पदावर सरकारचा नोकर कुठल्या हक्काने?

सत्तरीकर:
मंडळी, सगळं वाचतोय, वाचनखूण साठवलीय. पण बँकवाला थांबत नाही. माझ्या जांभळ्या कागदाचं काय?

कूळ_मुंडकार:
त्याकडेच येत होतो. खुर्चीवरचा माणूस नंतर बेकायदा ठरला म्हणून त्याने केलेली सगळी कामं रद्द होत नाहीत. आंध्रात सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका अवैध ठरल्या, तेव्हा आरोपी म्हणाले, मग आमची शिक्षाही रद्द करा. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. लोकांनी ज्याला अधिकारी समजून कामं करून घेतली, त्याच्या कामांवर लोकांनी भरवसा ठेवायचा नाही तर कोणाच्या? सप्टेंबर २००१ मध्ये जयललितांची मुख्यमंत्रिपदी नेमणूक रद्द झाली, तेव्हाही कोर्टाने मधल्या चार महिन्यांच्या कारभाराला धक्का लावला नाही.

पण या आधाराला मर्यादा आहे. माणूस निदान अधिकाराच्या आभासात तरी असायला हवा. ठराव होऊन, नवा निवडून आल्यावरही जो घरी शिक्का मारत बसलाय, त्याला हे कवच मिळेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. म्हणून सांगा: परवान्याचा विषय पंचायत मंडळासमोर कधी आला?

सत्तरीकर:
अर्ज एप्रिलचा. मंडळाच्या मे महिन्याच्या बैठकीत मंजूर झाला, वहीत ठराव आहे. सहीला मात्र जुलै उजाडला, कारण सेक्रेटरी रजेवर.

कूळ_मुंडकार:
मग सुटलात. परवाना मंडळाने दिलाय, मेमध्ये, जेव्हा सरपंच एकच होता. सही म्हणजे त्या ठरावाची पोचपावती. सेक्रेटरीकडून मेच्या ठरावाची प्रमाणित नक्कल घ्या आणि त्याच ठरावाच्या आधाराने निळ्या शिक्क्याचा परवाना पुन्हा मागा. बँकेला दोन्ही द्या. तुमच्या कर्जासाठी पर्वरीला जायची गरज नाही.

शंकासूर:
आणि गावाचं? दोन शिक्के तसेच?

कूळ_मुंडकार:
जुना सरपंच कोर्टात न जाता घरी बसून ‘मी सरपंच’ म्हणतो, यातच त्याचं दुखणं कळतं. त्याला अविश्वास बेकायदा वाटतो तर आव्हान त्याने द्यायचं. तो देत नसेल तर गावातल्या कोणीही आधी पंचायत संचालकांकडे लेखी तक्रार करावी आणि मग त्याच्यावर अधिकारपृच्छा मागावी, शिक्का-दप्तराच्या मागणीसह. सगळं फिरेल ते एका गोष्टीवर, नोटीस पोचली की नाही.

यात एक खोच आहे. १९७३ मध्ये तिघा ज्येष्ठांना डावलून अजित नाथ राय सरन्यायाधीश झाले. तिघांनी राजीनामे दिले. रायांविरुद्ध दिल्लीत अधिकारपृच्छा मागितली गेली, तर उच्च न्यायालय म्हणालं, आता ज्येष्ठ कोण उरलंय? काढलं तरी उद्या सरकार यांनाच परत नेमू शकतं, मग आदेश काढून उपयोग काय? तुमच्याकडेही चार पंच चारच राहिले, तर नोटिशीत खोट निघूनही जुन्याच्या हाती पंधरवड्यापलीकडे काही लागेलसं वाटत नाही. पण तो पंधरवडा त्याचा हक्काचा, जर नोटीस खरंच पोचली नसेल तर. बैठकीची नोटीस, तिची पोच आणि हजेरी माहिती हक्काखाली मागा.

सत्तरीकर:
ताजी खबर. मेच्या ठरावाची नक्कल मिळाली, निळा परवानाही मिळाला, बँकेने ठेवून घेतला. नोटिशीचे कागदही आज आले. पोचेवर सही आहे. सरपंचाची नाही, त्याच्या सुनेची.

कूळ_मुंडकार:
तारीख बघा. आणि घरातल्या प्रौढ माणसाकडे दिलेली नोटीस चालते की नाही ते नियमात बघावं लागेल, तेव्हा दोन्ही पानांच्या प्रती मला निरोपातून पाठवा. नावं झाकून.

म्हापशेकर:
आता अधिकारपृच्छा सुनेवर. तिने सासऱ्याची नोटीस कुठल्या हक्काने घेतली?